इंदूरच्या वाड्यातले दोन खून, २२ वर्षं आणि बाबांची पिशवी

तुळशीवृंदावन

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं वाचते आहे, पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी लिहितेही. आजचं लिहिणं वेगळं आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडची पुष्कळ मंडळी इथे आहेत, कोर्टकचेरीची माहिती असलेलीही आहेत, म्हणून धीर करून लिहिते.

२००३ च्या नोव्हेंबरअखेर माझ्या मोठ्या काका-काकूंचा रामबागेकडच्या आमच्या जुन्या वाड्यात खून झाला. दोघांचाही, एकाच रात्री. कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. बाबा फिर्यादी होते, आमच्याकडच्या कागदांत 'फरियादी' लिहितात. बाबा या आषाढात गेले. तेराव्यानंतर आईने कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे आता तू बघ, माझ्याच्याने वाचवत नाही."

पिशवीत एफआयआरची प्रत आहे, घडीवर फाटलेली. पोस्टमॉर्टेमची झेरॉक्स आहे, तिची अक्षरं उडून गेली आहेत. रजिस्टर पोस्टाच्या पावत्या आहेत आणि एक खिशातली डायरी. बाबा दर नोव्हेंबरात ठाण्यात जायचे आणि परत आल्यावर एक ओळ लिहायचे. टी.आय. म्हणजे ठाण्याचे निरीक्षक, विवेचना म्हणजे तपास. 'टी.आय. बदलले. नवीन साहेबांनी बसायला सांगितले.' 'विवेचना चालू आहे म्हणाले.' 'केस डायरी वर गेली आहे म्हणाले.' शेवटची ओळ २०१९ ची. त्यानंतर करोना आला, मग बाबांचे गुडघे.

काय झालं ते थोडक्यात सांगते. कसं मारलं ते लिहिणार नाही.

बाबांची नोकरी देवासला होती, आम्ही तिकडेच राहायचो. वाड्यात खाली काका-काकू, वर एका खोलीत एक भाडेकरू मुलगा. तो पिथमपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचा. काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, पुण्यात इंजिनियरिंगला होता. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, दार नुसतं लोटलेलं होतं. शेजाऱ्यांनी बाबांना फोन केला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, हट्ट करून बाबांबरोबर आले. मला आत जाऊ दिलं नाही, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मी बराच वेळ उभी होते. तिथून मला जे दिसलं ते मी कधीच विसरले नाही.

ओट्यावर चहाचा ट्रे होता. त्यात चार कप. तीन एकसारखे, निळ्या काठाचे, पाहुण्यांसाठीचे. चौथा कान तुटलेला. तो काकूचा. तो कप काकूने कधी कोणा परक्याला दिला नाही, "तुटकं आपलं आपल्याला" म्हणायची. एका कपात साय धरून वाळली होती. गवती चहाचं पातं गाळणीत तसंच होतं.

म्हणजे त्या रात्री दोन माणसं आली होती. ओळखीची होती, कारण काकू अनोळखी माणसाला ओसरीवरच पाणी द्यायची. चहा पिऊन झाला आणि मग जे झालं ते झालं. काकूच्या हातातल्या पाटल्या हातातच होत्या. कपाटाला किल्ली तशीच लटकत होती. काहीही चोरीला गेलं नाही.

आणि चोरी नाही म्हटल्यावर प्रश्न एकच उरला, तो सगळ्यांनी आम्हाला विचारला. वाडा कोणाच्या नावावर आहे?

१ डिसेंबर २००३ ला विधानसभेचं मतदान होतं. सगळा फौजफाटा बंदोबस्तात. पहिले आठ दिवस कोणी धड फिरकलं नाही, नंतर मात्र सगळं अंगावर आलं. वरच्या भाडेकरू मुलाला चार दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तो रात्रपाळीला होता हे हजेरीवरून सिद्ध झालं, पण सुटल्यावर खोलीतलं सामानही न्यायला आला नाही, त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला. मग दादाला पुण्याहून बोलावलं. एकविसाव्या वर्षी आईबापांना अग्नी देऊन आलेल्या मुलाला विचारलं, परीक्षेत नापास झाला होतास का, पैसे मागितले होतेस का. मग बाबांना विचारलं, भावाशी हिश्श्यावरून बोलाचाली होती का. होती. कोणत्या भावाभावांत नसते?

त्यानंतर दादा आणि बाबा हळूहळू बोलेनासे झाले. भांडण झालं नाही. दादाच्या मनात आलं असेल, बाबांच्याही आलं असेल, आणि दोघांनाही त्याची लाज वाटली असेल. २००५ मध्ये वाडा विकला, पैशांची वाटणी चोख झाली. दादा पुण्याचाच झाला. माझ्या लग्नाला आला नाही. बाबांच्या तेराव्याला आला, व्हरांड्यात बसून राहिला. आमच्या घरात २००३ पासून चहा ट्रेमधून आणत नाहीत, प्रत्येकाला हातात देतात. नियम कोणी केला नाही, तसं होऊन गेलं. तेराव्याच्या दिवशी बाहेरची कोणी बाई मदतीला होती, ती ट्रे घेऊन आली. दादा उठून फाटकाबाहेर गेला.

मला विचारायचं आहे ते एवढंच. फिर्यादी गेला की केस संपते का? मी पुतणी आहे, मला काही अधिकार आहे का? २२ वर्षांनी काही मिळण्यासारखं असतं का? ज्यांनी केलं त्यांना फाशी व्हावी असं मला वाटायचं, आता इतकं वाटत नाही. मला माझ्या दादाकडे सरळ बघता यावं असं वाटतं.

खान_काठचा

ताई, वाचून सुन्न झालो. मी त्याच भागातला, तेव्हा कॉलेजात होतो. सकाळच्या पेपरात आलेलं आठवतंय आणि महिनाभर आमच्या आईने संध्याकाळी दाराला आतून कडी घातलेली आठवतेय. गल्लीतल्या गप्पांमध्ये आम्हीही नावं घेतली होती, पुरावा काही नसताना. तुमची पोस्ट वाचून त्याची आज फार खंत वाटते.

वकिली_डायरी

ताई, मी इंदूरलाच वकिली करते. एकेक सांगते.

खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ मुदतीचं होतं, पण ते तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं. २२ काय, ४० वर्षांनीही खुनाचा तपास होऊ शकतो. फिर्यादी गेला म्हणून केस संपत नाही, फिर्याद सरकार चालवतं.

तुमच्या अधिकाराबद्दल. २००९ च्या अखेरीस कायद्यात 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली, तिच्यात पालक आणि कायदेशीर वारस येतात. तुमच्या दादांचं स्थान सर्वांत पक्कं, ते मुलगा आहेत. त्यांची सही अर्जावर असेल तर कोणी प्रश्नच काढणार नाही.

आता नीट वाचा, कारण मला एक शंका येते आहे. आपल्या मध्य प्रदेशात तपास थांबवायचा असेल तर पोलीस कोर्टात दोन प्रकारे अहवाल देतात. तक्रारच खोटी निघाली तर 'खारिजी'. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर 'खात्मा'. तुमच्या केसमध्ये कधीतरी खात्मा लागला असण्याची दाट शक्यता आहे. २२ वर्षं केस सहसा नुसती उघडी पडून राहत नाही.

खात्मा मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल आहे, भगवंतसिंग विरुद्ध पोलीस आयुक्त. तो अर्जही एका बापाचा होता, मुलगी जळून मेली होती आणि तपासाचं पुढे काय झालं ते त्याला कोणी सांगत नव्हतं. तुमच्या बाबांना अशी नोटीस कधी आली होती का? पिशवीत बघा. नसेल तर ठाण्यात जाण्याआधी जिल्हा कोर्टाच्या नकल शाखेत जा, तिथे कागदांच्या प्रती मिळतात. एफआयआरचा नंबर, वर्ष आणि ठाणं एवढं पुरेसं आहे. उशीर करू नका, जुन्या नस्त्या कायम ठेवत नाहीत.

माहितीच्या अधिकारात 'तपास चालू आहे' म्हणून नकार आला तर तोही अंतिम मानू नका. तपास चालू आहे एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते त्यांना दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच हे म्हटलं आहे.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चोरी नाही, दार फोडलेलं नाही, चहा दिलेला. असल्या प्रकरणात घरचाच माणूस निघतो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी परत जाता येतं. तुमच्या दादांनी तुमच्या घरी चहा का घेतला नाही याचाही विचार करा.

तुळशीवृंदावन

@रोखठोक, तुम्ही जे लिहिलंत ते आम्ही २२ वर्षं ऐकतो आहोत. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, गणपतीत ऐकलं, सराफ्यात भेटलेल्या लांबच्या मावशीकडून ऐकलं. दादा त्या संध्याकाळी होस्टेलच्या मेसमध्ये होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वर्गात होता. तेव्हाच्या गाड्यांच्या वेळा बाबांनी स्वतः स्टेशनवर जाऊन उतरवून आणल्या होत्या, डायरीत आहेत. बाबांनी हे का केलं असेल? दादा त्यात बसत नाही हे स्वतःला पटवायला. पुतण्यासाठी एक काका स्टेशनवर वही घेऊन उभा राहतो, आणि हे त्या पुतण्याला सांगूही शकत नाही. मला ते डायरीतून परवा कळलं.

काकूचा कप कोणता होता हे दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चहा बघून तो का उठला ते मला कळतं.

संपादक मंडळ

या धाग्यावर कोणाही व्यक्तीवर संशय घेणारे प्रतिसाद ठेवले जाणार नाहीत. वरचा प्रतिसाद धागाकर्तीने उत्तर दिल्यामुळे आणि तिच्या विनंतीवरून तसाच ठेवला आहे. ठाण्याचं, अधिकाऱ्याचं नाव विचारू नये.

लष्करवाली

मी ग्वाल्हेरची. तुमच्या पोस्टमधल्या त्या भाडेकरू मुलापाशी मी थांबले, पुढे वाचवेना.

माझे वडील असेच 'उचलले' गेले होते, मी तिसरीत होते. शेजारच्या घरात खून झाला होता आणि वडील त्या घरी शेवटचे गेलेले, उसनी शिडी परत करायला. सहा दिवसांनी सोडलं. खरा माणूस दोन वर्षांनी सापडला, त्याला शिक्षाही झाली. पण ठाण्यातून कोणी येऊन सांगितलं नाही की तुम्ही निर्दोष आहात. पेपरात वडिलांचं नाव आलं होतं, सुटल्याचं आलं नाही. त्यांचं शिंपीकाम होतं. माप द्यायला बायका यायच्या, त्या यायच्या थांबल्या. माझ्या आईने मशीन विकलं.

तुमचं उत्तर सापडलं तर त्या मुलालाही ते मिळेल. तो आता चाळिशीच्या पुढे असेल. जमलं तर त्याला शोधा. काही मागायचं नाही, फक्त सांगायचं की आमचा तुमच्यावर संशय नाही. आमच्या दारात येऊन कोणी एवढं म्हटलं असतं तर वडील आणखी जगले असते असं मला आजही वाटतं.

पावडर_आणि_ब्रश

मी अंगुलिमुद्रा विभागातून निवृत्त झालो, कोणत्या राज्यातून ते सोडा. ताई, तुमचे ते कप.

चिनी मातीचा, चकचकीत मुलामा असलेला कप म्हणजे आमच्या कामाला फार चांगली वस्तू. खडबडीत लाकडावर, कापडावर ठसा टिकत नाही, कपावर टिकतो. घटनास्थळी असे जे ठसे मिळतात त्यांना आम्ही 'चान्स प्रिंट' म्हणतो. पावडर टाकून उठवायचे, फोटो काढायचा, टेपवर उचलायचे. २००३ मध्ये हे सर्रास केलं जायचं. दुहेरी खुनाच्या जागी तज्ज्ञ गेला नाही असं होणं अवघड, निवडणुकीच्या गडबडीतसुद्धा.

पण त्या ठशांचं पुढे काय झालं असेल ते सांगतो. ज्यांच्यावर संशय आला त्यांचे ठसे मागवले, भिंगाखाली ताडून पाहिले, जुळले नाहीत, अहवाल दिला. फार तर राज्यातल्या नोंदीत पाहिलं. दुसऱ्या राज्यात पकडलेल्या माणसाशी मेळ घालणं तेव्हा फार अवघड होतं. आता तसं नाही. २०२२ पासून देशभराची एकत्र यंत्रणा आहे, 'नाफिस' म्हणतात. एका राज्यातला ठसा टाकला की सगळ्या राज्यांच्या नोंदी धुंडाळता येतात. या यंत्रणेवरून मृताची ओळख पटवणारं पहिलं राज्य मध्य प्रदेशच होतं, एप्रिल २०२२ मध्ये. त्या दोघांपैकी एकाने गेल्या २२ वर्षांत कुठेही दुसरा गुन्हा केला असेल, अटक झाली असेल, तर त्याचा ठसा तिथे असू शकतो.

म्हणून अर्जात 'तपास नीट करा' असं मोघम लिहू नका. लिहा, की चार कपांवरचे चान्स प्रिंट उचलले होते का, त्यांचे फोटो कुठे आहेत, ते नाफिसवर टाकून पाहावेत. नेमकं मागितलं की नेमकं उत्तर द्यावं लागतं.

कपच जपून ठेवले असतील तर काठाला लागलेल्या लाळेतून डीएनए निघण्याचीही थोडी आशा असते, आपल्या राज्याची मुख्य प्रयोगशाळा सागरला आहे. थोडी म्हणतो, कारण माळव्यातले पावसाळे आणि मालखान्यातली, म्हणजे जप्त वस्तूंच्या कोठारातली, ओल मी पाहिलेली आहे. कागदात बांधलेली वस्तू टिकते. प्लॅस्टिकमध्ये ओलसर बांधली असेल तर बुरशी सगळं खाऊन टाकते. त्या आशेवर फार विसंबू नका. ठशांच्या फोटोची आशा मात्र जास्त.

पश्चिमवारा

मूळची इंदूरची, आता अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहते. कपाचा उल्लेख वाचून अंगावर काटा आला, म्हणून लिहिते.

१९८७ च्या नोव्हेंबरात कॅनडातून इकडे आलेलं एक तरुण जोडपं, मुलगी अठराची, मुलगा विशीचा, मारलं गेलं. दोघांचे मृतदेह वेगवेगळ्या ठिकाणी सापडले. मारेकऱ्याचा डीएनए होता, पण तो कोणत्याही नोंदीशी जुळेना. २०१८ मध्ये तो वंशावळीच्या एका संकेतस्थळावर तपासला, लांबच्या नातेवाइकांवरून एका कुटुंबापर्यंत पोचले. तो माणूस ट्रक चालवत होता. त्याच्या ट्रकमधून कॉफीचा कागदी कप खाली पडला, पोलिसांनी उचलला. तीस वर्षांनंतर जुळलं. २०१९ ला शिक्षा, २०२१ ला अपिलात ज्युरीतल्या एका सदस्याच्या मुद्द्यावर ती रद्द, २०२२ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. म्हणजे सापडल्यानंतरही त्या घरच्यांना चार वर्षं जीव मुठीत धरावा लागला.

भारतात वंशावळीची अशी सोय नाही हे मला माहीत आहे. डीएनएच्या नोंदी ठेवण्याचं विधेयक २०१९ ला लोकसभेत आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. तरी सांगावंसं वाटलं.

बडोदेकर_७२

आमच्या आत्याच्या बाबतीत आम्ही पाठपुरावा सोडून दिला. घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, मुलींची लग्नं व्हायची आहेत, विषय नको. आज त्या मुलींच्या मुली विचारतात आणि आमच्याकडे एकही कागद नाही. ताई, तुमच्या बाबांनी पिशवी ठेवली हे फार मोठं केलं.

खान_काठचा

आपल्या गावाला हे नवीन नाही हो. १९२५ च्या जानेवारीत मुंबईला मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावलांचा खून झाला, इंदूर दरबार सोडून त्यांच्याकडे राहिलेल्या मुमताज बेगमला पळवायला माणसं इंदुराहून गेली होती. त्यांना शिक्षा झाल्या, इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी १९२६ मध्ये गादी सोडली. पण हुकूम नेमका कोणी दिला हे कोर्टात कधीच ठरलं नाही. माझे आजोबा त्यावर म्हातारपणापर्यंत वाद घालायचे. शंभर वर्षं झाली, राजवाड्यापाशी अजून लोक आपापला निकाल सांगतात. न ठरलेली गोष्ट गाव सोडत नाही. तुमच्या घरावर हे लोक किती बोलले असतील याची कल्पना येते.

तुळशीवृंदावन (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. सावकाश लिहायचं होतं, हात थरथरत होता म्हणून थांबले होते.

वकिली_डायरी ताईंनी सांगितल्याप्रमाणे नकल शाखेत अर्ज केला. चार खेपा झाल्या. तिथल्या एका वयस्कर बाबूंनी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये जाऊन नस्ती शोधली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

खात्मा २००६ मध्ये लागला आहे. मंजूरही झाला आहे.

२००६. बाबा त्यानंतर १३ वर्षं दर नोव्हेंबरात ठाण्यात जात होते आणि त्यांना 'विवेचना चालू आहे' सांगत होते. स्वच्छ शर्ट घालून जायचे. मी सोबत येऊ का विचारलं तर म्हणायचे, "नको, तुला बसून राहावं लागेल." जी केस बंद झाली तिच्यासाठी माझे बाबा बाकावर बसून राहत होते.

नोटीस काढलेली आहे. बाबांच्या नावाने, वाड्याच्या पत्त्यावर. वाडा आदल्या वर्षी विकला गेला होता, पाडायलाही घेतला होता. नोटिशीच्या मागे शेरा आहे, निळ्या शाईत: 'फरियादी दिए गए पते पर नहीं मिला, मकान टूटा हुआ है।' खाली सही आणि तारीख. बाबांनी सुदामा नगरचा नवा पत्ता ठाण्यात रजिस्टर पोस्टाने कळवला होता. त्याची पावती पिशवीत आहे. नोटिशीच्या सात महिने आधीची. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून रात्रभर बघत बसले.

तोच कागद दादाला फोटो काढून पाठवला. आमच्यात निरोपानिरोपीसुद्धा नव्हती, नंबर आईकडून घेतला. त्याने रात्री दोनला फोन केला. पहिल्यांदा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काका अजून जात होते?" मी डायरीतल्या तारखा वाचून दाखवल्या. स्टेशनवरच्या गाड्यांच्या वेळांचं पानही वाचलं. तो रडला. मी कधी दादाला रडताना ऐकलं नव्हतं, दोघांच्या चितेपुढेही नाही.

@लष्करवाली, त्या भाडेकरूचा भाऊ ज्या गावी सामान घेऊन गेला त्या गावाचं नाव आईला आठवतंय. दादा म्हणाला, तिथे आपण दोघं जाऊ.

वकिली_डायरी

ताई, त्या दोन कागदांना लगेच प्लॅस्टिकचं आवरण करा आणि मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, प्रती द्या.

खात्मा मंजूर झाला म्हणून खचू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेमेंद्र रेड्डी प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की अंतिम अहवाल स्वीकारल्यानंतरही पुढचा तपास करता येतो, त्यासाठी आधीचा आदेश रद्द करून घ्यावा लागत नाही. पुढच्या तपासाचं कलम पूर्वीच्या संहितेत १७३(८), आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९३(९). पोलिसांकडे अर्ज द्या, त्याची प्रत कोर्टात. नोटीस न मिळाल्याचा मुद्दा वेगळा मांडू, तोही सोडायचा नाही. नव्या संहितेत तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याची तरतूद आली आहे. जुन्या केसला ती कितपत लागू करतात यावर वाद होईल, पण अर्जात आपण मागू.

आणखी एक, इथे वाचणाऱ्या इतरांसाठी. आरोपी सापडलाच नाही, खटला चाललाच नाही, तरी पीडिताच्या आश्रितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. जुनं ३५७ क मधलं पोटकलम ४. आपल्या राज्याची योजना २०१५ ची आहे. फार थोड्या घरांना हे माहीत असतं.

लष्करवाली

तुळशी ताई, तुम्ही जाल तेव्हा शक्य असेल तर मलाही सांगा. मी येणार नाही, फक्त त्या दिवशी वडिलांच्या फोटोला हार घालीन.

तुळशीवृंदावन (आणखी पंधरा दिवसांनी)

मंगळवारी जनसुनवाईला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, जाऊन आलो. दादा आदल्या रात्री पुण्याहून आला, आमच्याकडेच उतरला. अर्जावर पहिली सही त्याची, दुसरी माझी. इंदुरात २०२१ पासून पोलीस आयुक्तालय झालंय, त्यामुळे कोणाकडे द्यायचं यात एक फेरी गेली, पण शेवटी अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला. समोर बसलेल्या अधिकारी बाई तरुण होत्या, २००३ मध्ये शाळेत असतील. त्यांनी पूर्ण वाचला. 'चान्स प्रिंट' हा शब्द वाचून वर बघितलं आणि विचारलं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? @पावडर_आणि_ब्रश काका, तुमच्यामुळे आम्हाला बसायला खुर्ची मिळाली आणि प्रश्न विचारले गेले.

त्यांनी जुनी जप्तीची यादी मागवली. आमच्या नकलांमध्ये ती होतीच, पण मी आजवर ते पान उलटलं नव्हतं. दादाने तिथेच उघडलं. घटनास्थळावरच्या वस्तू, ओळीने क्रमांक घातलेले. त्यातली नववी ओळ: 'चाय के कप, चीनी मिट्टी के, चार नग, जिनमें से एक का हत्था टूटा हुआ।'

दादाने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाईंना म्हणाला, "यह मेरी माँ का है।" मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच, "आईचा."

बाई म्हणाल्या, मालखान्यात शोधायला सांगते, दोन आठवडे द्या.

घरी आल्यावर आईने सगळ्यांना चहा केला. दादाने स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा कप ओट्यावरून उचलला आणि तिथेच उभ्याने प्यायला. दोन आठवडे झाले की इथे लिहीन.